जावयाच्या ताटातलं तळण

युस्निदारच्या घरातून नारळाचं दूध हद्दपार झालं होतं. नवऱ्याच्या, दारविसच्या, हृदयात स्टेंटची जाळी बसवली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "चरबी कमी करा." आता मिनांग समाजातल्या बाईला चरबी म्हटलं की नारळाचं दूधच दिसतं, दुसरं काही दिसत नाही. युस्निदारने खवणी माळ्यावर टाकली, नारळाच्या दुधात मटण आटवून रेंदांग करायची मोठी कढई भाचीला देऊन टाकली आणि कंबर कसली. मासे तळले, वांगी तळली, अंडी उकडून पुन्हा तळली, वर तेलात परतलेल्या लाल मिरच्या ओतल्या. कढईतलं पामतेल काळं पडलं तरी फेकलं नाही. चांगलं तेल फेकायला का तिला वेड लागलं होतं?

आणि आज दवाखान्यात रिपोर्ट आला, तर कोलेस्टेरॉल उतरायच्या ऐवजी वर चढलेलं!

"नारळाचा थेंब घरात येऊ दिला नाही हो," युस्निदार रडकुंडीला आली.

दारविसची मोठी बहीण नुरबैती सोबत आली होती. भावाच्या तपासणीला ती हटकून यायची, आणि गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. "मी म्हणतच होते! आमची आजी खोबरेलावर जगली, म्हातारी होऊन गेली. माझ्या भावाला उपाशी मारतेय ही."

"उपाशी? उनी, दोन्ही वेळा ताट भरून तळण वाढते मी!" युस्निदार थोरल्या नणंदेला मानाने उनी म्हणायची.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कशात तळता?"

"पामतेलात. झाडाचंच तेल ना ते?"

"नारळही झाडालाच लागतो, मावशी. पामतेलातही तसली चरबी बरीच असते. त्यात तेच तेल पुन्हा पुन्हा तापवायचं म्हणजे आणखी वाईट."

"म्हणजे रेंदांग चालेल," नुरबैती म्हणाली.

"अजिबात नाही."

"अवाकाडो?" युस्निदारने भीत भीत विचारलं.

"चालेल. त्यातली चरबी चांगली."

"आम्ही पितो तसा, आटीव दूध आणि चॉकलेट घालून?"

"तसा नाही, मावशी."

"आणि मासा?"

"माशाची चरबी उत्तम. पण तुम्ही तो तळता ना!"

युस्निदारचं डोकं गरगरायला लागलं. ही चरबी चांगली, ती वाईट, आणि चांगलीसुद्धा कढईत पडली की बिघडते! स्थळं बघताना कुळं शोधतात तशी आता चरबीची कुळं शोधायची की काय? पण त्या गोंधळाच्या तळाशी एक धडकी होती, तिला ती नीट कळत होती: याला मारायला मीच निघाले होते.

"काका, तुम्हाला इतकं तळण आवडतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छातीत जळजळायचं," दारविस हळूच म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

उत्तर दोघी बायकांना ठाऊकच होतं. मिनांग रीतीने घर बायकोचं, तिच्या आईचं, आजीचं. जावई तिथे जन्मभराचा पाहुणा, आणि पाहुणा ताटाला नावं ठेवत नाही. लग्नाच्या वेळी नुरबैतीनेच त्याला शिकवलं होतं, पुढ्यात येईल ते मुकाट खायचं. ती आता खिडकीबाहेर बघायला लागली.

तिघं बाजारात येईस्तोवर युस्निदारच्या रडण्याचा संताप झाला होता. मासेवालीपुढे ती थांबली. "काय खायचंय तुम्हाला, ऊदा?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तू करशील ते."

"नाही! मेलात तरी चालेल, पण बोलायचं नाही, असं का? आज ऊदा, तुम्ही सांगायचं. नाहीतर मी इथून हलत नाही."

दारविसने बहिणीकडे पाहिलं. मग तो माशांकडे वळला.

"आंबट-तिखट कालवण," तो म्हणाला. "नुसत्या पाण्यातलं. तेल नाही, नारळ नाही."

युस्निदार चपापली. तिच्या घरी ते नेहमीच व्हायचं. भावंडं, पोरं स्वयंपाकघरातच बसून ओरपायची. पण इतकं साधं कालवण जावयापुढे ठेवणं म्हणजे त्याचा अपमान, म्हणून त्याची चाहूल लागली की पातेलं झाकून आत सरकवलं जायचं.

"पण ते आमच्याकडे करतात, हे तुम्हाला कसं कळलं?"

"वास यायचा," दारविस म्हणाला. "इतकी वर्षं, बाहेर बसल्या बसल्या वास यायचा."