एक फूट वजा

मित्रांनो, आधी जे होते ते मोजून सांगतो. दोन टेबले, चार खुर्च्या, एक संगणक, रंगाचे अकरा डबे, सात ब्रश, एक शिडी आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेला मी. माणसे तीन. महाडच्या बाजारपेठेतले हे जाहिरातीचे छोटे ऑफिस, आणि मी तिथला जुना टेप, कापडी फितीचा, पन्नास फुटी. खरे सांगायचे तर आता एकोणपन्नास फुटी. माझी गोष्ट त्या एका फुटाचीच आहे.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला आठवत नाही. आठवते ते इथले. वल्लरीताईंनी व्यवसाय सुरू केला त्या आठवड्यातच मला विकत आणले. कोणाच्या दुकानाचा बोर्ड असो, लग्नाची कमान असो की रस्त्याकडेच्या भिंतीवर रंगवायची जाहिरात, पहिले काम माझे. भिंतीवर रंगवायचे येसाजीकाका, पोलादपूरच्या बाजूचे. शिडीवर चढून माप घ्यायचा ओंकार. "हा आपला चौथा माणूस," असे ताई माझ्याकडे बोट दाखवून गिऱ्हाइकांना सांगायच्या. तेव्हा मला फार बरे वाटे.

मग एकवीस सालचा पूर आला. ऑफिसात छातीएवढे पाणी होते. ते ओसरल्यावर मी चिखलात सापडलो, पण माझा पुढचा टोकाचा भाग फाटून गेला होता. ताई नवा टेप आणणार होत्या. येसाजीकाकांनी मला धुऊन वाळवले, एक फुटाच्या खुणेवर सरळ कापले आणि तिथे पितळी कडी बसवून वरून जाड कापड शिवले. "पुरातनं वाचलेलं टाकायचं नाय," एवढेच ते म्हणाले. त्या वर्षी महाडात पुष्कळ घरांनी असेच केले.

तेव्हापासून माझे माप एक फूट जास्त येते. दहा फूट दिसले की नऊ लिहायचे. तिघांनाही ते माहीत होते. तिघांनाच माहीत होते. कुठे लिहून ठेवावे असे कोणाला वाटले नाही, कारण तिघांच्या ऑफिसात लिहिणार कोणासाठी?

पण ऑफिस वाढू लागले. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीने चाळीस दुकानांच्या बोर्डांचे काम दिले. दासगावापासून पोलादपूरपर्यंत आणि आत शिवथरपर्यंत. प्रत्येक बोर्ड त्या दुकानाच्या मापाच्या लोखंडी चौकटीवर बसवायचा होता. कंपनीचे साहेब स्पष्ट म्हणाले होते, की तपासायला आल्यावर एक जरी बोर्ड जागेवर नीट बसलेला दिसला नाही, तर पुढचे सगळ्या जिल्ह्याचे काम दुसऱ्याला जाईल.

नेमका त्याच महिन्यात ओंकारला कारखान्यात कायमची नोकरी लागली. ताईंनी त्याच्या जागी अक्षयला घेतले आणि आठवड्याने निशिगंधाला. ती बी.एस्सी. झालेली, पदार्थविज्ञानाची. जिल्ह्याचे काम मिळाले नाही तर या दोघांना पुढच्या महिन्यात ठेवता येणार नाही, हे ताईंना पक्के माहीत होते. त्या दिवसांत त्या चहा ओतून घ्यायच्या आणि तसाच विसरायच्या. आपली नोकरी या कामावर टिकून आहे, हे त्या दोघांनाही माहीत होते. म्हणून दोघे कामावर वेळेआधी येत आणि शंका विचारायला मात्र घाबरत.

येसाजीकाकांचे गुडघे दुखतात, वेळ लागतो, म्हणून ताईंनी त्यांना ऑफिसात बसवले आणि मला घेऊन दोघांना पाठवले.  काकांनी दिवसभर सातही ब्रश धुतले. ते आधीच धुतलेले होते.

मापे घेताना एकजण कडी धरी आणि दुसरा आकडा वाचे. हात दुखला की अदलाबदल. जाण्यापूर्वी ओंकारने अक्षयला माझ्या कापलेल्या फुटाबद्दल सांगितले होते. त्यामुळे अक्षय वाचताना एक फूट वजा करी. निशिगंधा तेव्हा रुजू झालेली नव्हती, आणि कापडाखाली माझा पहिला फूट संपतो की सुरू होतो हे वरून दिसत नाही. ती दिसेल ते लिही. दोघेही बरोबर वागत होते. मी त्यांच्या हातांतून पुन्हा पुन्हा उलगडत होतो, आणि मला बोलता येत नव्हते.

शनिवारी दुपारी निशिगंधा संगणकावर यादी लावत बसली होती. सोमवारी सकाळी वेल्डरला मापे द्यायची होती. पोलादपूरला एकाच ठेकेदाराने बांधलेले आठ सारखे गाळे आहेत. यादीत त्यांतल्या पाचांची रुंदी दहा फूट दोन इंच होती आणि तिघांची नऊ फूट दोन इंच. ती उठली, मला खिळ्यावरून काढले आणि ऑफिसच्या दाराची चौकट मोजली. मग सहा इंची पट्टीने तीच चौकट सहा सहा इंच करून मोजली. मग पुन्हा एकदा. तिचा चेहरा उतरला.

ताईंना कळले तेव्हा त्यांनी आधी कॅल्क्युलेटर घेतला, मग खाली ठेवला. कोणते माप कोणी वाचले हे लिहिलेलेच नव्हते. सगळ्यांतून एक फूट वजा केला, तर अक्षयने वाचलेले बोर्ड आखूड पडणार.

"मला वाटलं, हिला माहीत असेल," अक्षय म्हणाला.

"शून्य कुठे आहे ते आधी बघा, हे तीन वर्षं प्रयोगशाळेत ऐकलं मी," निशिगंधा म्हणाली. "आणि बघितलं नाही."

ताई येसाजीकाकांकडे वळल्या. "काका, तुम्ही तरी सांगायचं होतं."

"तू इचारलंस कुठं? ही शिकलेली माणसं, मला वाटलं त्यांची मापायची नवीन रीत आसंल."

 ताई म्हणाल्या, "चुकलं माझं. उद्या तुम्ही चला."

रविवारी चाळीसही दुकाने परत मोजायची ठरली. ताईंनी स्टीलचा नवा टेप आणला. तो घेऊन त्या आणि अक्षय दासगावकडे गेले. मी, येसाजीकाका आणि निशिगंधा स्कूटरवर पोलादपूरकडे निघालो. रविवार असल्याने बरीच दुकाने बंद होती, पण कोणाचे घर मागच्या गल्लीत, कोणाचे नदीपलीकडे, हे काकांना ठाऊक. एरवी जिथे तासभर लागला असता तिथे दहा मिनिटांत शिडी लागे. वाचायची ती, आणि प्रत्येक आकड्यापुढे आपले नाव लिहायची.

शेवटचे दुकान शिवथरच्या गीताबाईंचे. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"परवा दोघं येऊन मोजून गेली. आता परत कशाला? दुकान बदललं काय?"

"दुकान नाय बदललं गो," काका म्हणाले, "आमची अक्कल बदलली. शिडी दे."

गीताबाई हसल्या आणि शिडीच्या आधी पाणी घेऊन आल्या. मी उलगडलो. दहा फूट चार इंच. निशिगंधाने मोठ्याने वाचले, काकांकडे पाहिले आणि नऊ फूट चार इंच लिहिले.

परत आल्यावर काकांनी पांढऱ्या रंगात बारीक ब्रश बुडवून माझी फीत गुंडाळतात त्या डबीवर तीन शब्द लिहिले: एक फूट वजा. खाली ताईंनी हे माहीत असलेल्या, ओंकारपासून निशिगंधापर्यंत, सगळ्यांची नावे लिहायला लावली, आणि पुढच्यांसाठी जागा सोडली.

मित्रांनो, मला फेकू नका असे मी म्हणणार नाही. कधीतरी फेकलाच जाईन. पण तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, तिची खोड तुम्हाला ठाऊक असेल, तर नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी सांगा. त्याला माहीत असेल असे समजू नका. आणि तुम्ही नवे असाल तर विचारा. मी चाळीस दुकाने मुका राहून पाहिली आहेत, तुम्हाला तर बोलता येते.

बोर्ड लागल्यावर दहाव्या दिवशी कंपनीचे साहेब आले. मापासाठी त्यांच्याकडे लाल ठिपक्याचे यंत्र होते. त्यांनी यादीवर डोळे मिटून बोट ठेवले. ते शिवथरवर पडले. गाडीत मी येसाजीकाकांच्या मांडीवर होतो. निशिगंधा सगळी वाट नखे खात होती.  गीताबाईंच्या दुकानासमोर साहेबांनी यंत्र दोनदा लावले आणि आकडे वाचले.

जागा, नऊ फूट चार इंच. बोर्ड, नऊ फूट चार इंच.