आई झोपल्यात

पासबुकाचा दुमडलेला कोपरा बोटाने कितीही दाबला तरी पुन्हा वर येत होता. काल हाच कोपरा धरून ती बाथरूममध्ये, दाराला आतून कडी लावून, पालथ्या बादलीवर बसली होती — फोन कानाशी. दवाखान्याच्या औषधखिडकीवर एकतीस वर्षं काढलेली बाई, चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय जिनं बाटली पुढे सरकवली नाही, ती... "आजी, घरात कुणाला सांगू नका हं. नाहीतर मुलीलाही अटक होईल," पोलिसातून बोलतोय म्हणणारा तो किती अदबीनं बोलत होता. तिच्या नावाच्या पार्सलात म्हणे बंदीची औषधं सापडली होती. औषधं म्हटल्यावर ती मनातल्या मनात जुन्या चिठ्ठ्या चाळू लागली. एकतीस वर्षांत कधीतरी, कुठंतरी आपल्या हातून चुकलंच असेल — मन किती चटकन कबूल करून टाकतं! खात्याचे पहिले चार आकडे वाचूनही झाले होते.

आणि दारावर टकटक. जावई. बस डेपोतला मेकॅनिक. लेकीनं त्याचं नाव काढलं तेव्हा तिनं मुरडलेलं नाक अकरा वर्षांत पुरतं सरळ झालं नव्हतं. विसरलेला चष्मा न्यायला तो परतला होता. तिनं कडी काढली. तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघून त्यानं फोन अलगद तिच्या हातातून घेतला, "आई झोपल्यात," एवढंच त्यात म्हणाला आणि बंद केला. मग चहा केला, गोडमिट्ट. तिच्या हातातलं पासबुक मिटून तिच्याजवळच ठेवलं.

आज सुट्टी काढून तो तिच्यासमोर बसला होता, तिचा फोन हातात घेऊन.

"आई, कुणाकुणाचे फोन यायला हवेत ते सांगा. बाकीचे वाजणारच नाहीत."

ती नावं सांगत गेली — बहीण, डॉक्टर, खिडकीवरची जुनी सोबतीण... मध्येच थांबली.

"लेकीला सांगितलंत?"

"नाही. सांगायचं तर तुम्ही सांगाल." मान खालीच. "धाकट्या भावाला नोकरी लावतो म्हणून मलाही एकानं फोनवरच गंडवलं होतं. तीन दिवस घास उतरला नाही. तुमच्या लेकीला अजून पत्ता नाही."

हे त्यानं सांगायची गरज नव्हती. तिला एकटीला ओशाळं राहू द्यायचं नाही म्हणून तो आपली लाज तिच्या शेजारी आणून ठेवत होता... आणि आपण अकरा वर्षं याच्या नखांतलं ग्रीस बघत बसलो. काहीतरी बोलायला हवं होतं. तिनं पासबुकाचा कोपरा पुन्हा एकदा दाबला.

"आणखी कुणाचं नाव?"

"आठवू दे," ती म्हणाली. खरं तर नावं संपली होती. त्यानं इतक्यात उठू नये, एवढंच तिला वाटत होतं.

संध्याकाळी लेक कामावरून येईल. तिला सांगायचं की नाही, ते ठरत नव्हतं. पण 'सांगू नका' म्हणणारा तो अदबशीर आवाज आठवायला गेली, तर नीट आठवेना... सांगणं न सांगणं आता तिच्या मर्जीवर होतं, आणि त्या मर्जीत कालपासून पहिल्यांदाच तिला स्वस्थ श्वास घेता येत होता.