पहिला सूचक

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी शहादेवनं केजच्या तहसील कचेरीत विधानसभेचा अपक्ष अर्ज भरला. अपक्षाला मतदारसंघातलेच दहा मतदार सूचक म्हणून लागतात. त्यांतली पहिली सही बिभीषणची होती, आणि बिभीषण आता या मतदारसंघाचा मतदार नव्हता. ही गोष्ट त्या घडीला एकट्या बिभीषणला ठाऊक होती.

युसूफ वडगावची दूध सोसायटी त्यानं बारा वर्षं चालवली. शहादेवला तिथं त्यानंच आणलं, दुधाचं फॅट काढायला शिकवलं. पुढं सलग तिसरं वर्ष कोरडं गेलं. सोसायटीच्या आवारात चारा छावणी बसवायची ठरली, तेव्हा मंजुरीसाठी बीडला अकरा हेलपाटे बिभीषणनं घातले. शहादेव मात्र छावणीत बाज टाकून गुरांमध्येच झोपायचा. पेपरात फोटो आला तो त्याचा, वासरू खांद्यावर घेतलेला. त्याच्यामागं एक कोपर दिसत होतं. ते बिभीषणचं.

तेव्हापासून बिभीषणच्या पोटात दुखू लागलं. पोरगा माजला असता तर निदान चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण तो भेटला की वाकायचा. उन्हाळा सरता सरता बिभीषणनं पाटोद्याच्या सोसायटीत नोकरी धरली, बिऱ्हाड हलवलं आणि मतदार यादीतलं नावही तिकडं नेलं.

आठ दिवसांपूर्वी शहादेव मोटारसायकलवरून पाटोद्याला आला होता.

"अण्णा, पहिली सही तुमची. तुमच्याबिगर मला कोण वळखतंय?"

'माझं नाव इकडं आलंय' एवढंच बोलायचं होतं. बिभीषणनं पेन मागितला आणि यादीतला जुना क्रमांक तोंडपाठ होता, तो लिहून दिला.

आज कारकुनानं छापील यादी पाहून दहाही क्रमांक जुळवले. वगळलेल्या नावांची पुरवणी यादी वेगळी असते. ती छाननीला निघेल आणि एक सूचक कमी पडून अर्ज बाद होईल, हे बिभीषण जाणून होता. तिचं झेरॉक्सचं पान त्याच्या खिशात होतं.

बाहेर लिंबाखाली गुलाल नव्हता, पण माणसं बरीच होती. छावणीत चाळीस मेंढरं जगवलेला म्हातारा धुळाजी दोन्ही हातांत चहा घेऊन आला.

"घ्या बिभीषणराव. गुरू ऱ्हायला दावणीला अन् चेला निघाला मुंबईला! लई भारी हाय बुवा तुमची शाळा."

माणसं हसली. बिभीषणही हसला. चहानं जीभ पोळली.

शहादेवची आई कडूबाई पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "हसू नका रं. ह्यो घरी काय म्हणतोय ठावं हाय का? छावणी अण्णानं आणली, मी नुस्ता झोपलो."

बिभीषणनं कप खाली ठेवला. घड्याळात दोन पंचेचाळीस झाले होते. अर्ज तीनपर्यंतच घेणार होते.

तेवढ्यात धुळाजीला काही आठवलं. "शहादेवा, ते वकील म्हणलं व्हतं, आजून एक अर्ज भरून ठिवा. एक उडाला तर दुसरा ऱ्हातो. कोरा हाय न्हवं पिशवीत? हितंच हायती की धा माणसं."

शहादेवनं पिशवीला हात घातला, मग बिभीषणकडं पाहिलं.

"भरावा का, अण्णा?"

सगळे त्याच्याकडं वळले. एवढी माणसं आपल्या शब्दासाठी थांबलेली बिभीषणनं छावणी बंद झाल्यापासून पाहिली नव्हती. ते त्याला बरं वाटलं. ते संपू नये असंही वाटलं.

"कशापायी?" तो म्हणाला. "क्रमांक जुळलेत की."

"मंग झालं," शहादेव म्हणाला. "अण्णा बोलले म्हंजे झालं." त्यानं पिशवीची चेन ओढली.

तीन वाजता कचेरीचं दार लागलं. केजहून पाटोद्याकडं जाणारी साडेचारची गाडी बिभीषणनं सोडून दिली. साडेपाचला तो स्टँडवरच होता. खिशातलं पान त्यानं फाडलंही नव्हतं, कुणाला दाखवलंही नव्हतं.

छाननी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला होती.