टाकीआडचा मनोरा

वर्ना टिझर्डने बावीस वर्षं जहाजांवर स्वयंपाक केला आणि सेहेचाळिसाव्या वर्षी अधिकाऱ्याची परीक्षा दिली. पास झाली, पण 'कुकबाई' हे नाव काही सुटलं नाही.

त्या दुपारी मिठाने भरलेलं जहाज कन्सेप्शन बे या आखातात नांगर टाकून उभं होतं. धक्का रिकामा व्हायचा होता. ब्रिजवर, जहाजाच्या सुकाणूकक्षात, पहारा वर्नाचा. ईशान्येचा वारा चढत होता. जीपीएसच्या पडद्यावर जहाजाचा ठिपका नांगराभोवती आखलेल्या वर्तुळाच्या आत निवांत दिसत होता; तो बाहेर गेला तरच धोक्याची घंटा वाजणार होती. वर्ना मात्र किनाऱ्याकडे बघत होती. सकाळपासून चर्चचा मनोरा पाण्याच्या टाकीमागे नेमका झाकलेला होता. आता तो एका बाजूने डोकावत होता.

नांगरावरचं जहाज झुलतंच. नुसतं झुलत असेल, तर मनोरा परत आड जायला हवा. ती दहा मिनिटं थांबली. मनोरा आणखी मोकळा झाला.

तिने खलाशांचा मुकादम, बोसन क्लेटस, याला जहाजाच्या पुढच्या टोकाला नाळेवर पाठवलं. "नांगराच्या साखळीवर हात ठेवून बघ."

वॉकीटॉकीवर उत्तर आलं, "थरथरतेय, बाई. खडीवरून गाडी जावी तशी."

म्हणजे नांगर तळावरून घसरत होता, आणि मागे अर्ध्या मैलावर खडक होते. तिने आधी इंजिनरूमला तयार राहायला सांगितलं, मग कॅप्टनला बोलावलं.

कॅप्टन हाइन्स जेवणावरून उठून आला. पडद्याकडे बघून म्हणाला, "आत तर आहोत की. सूप उतू चाललंय का, कुकबाई?"

"वर्तुळ केवढं आहे ते बघा, कॅप्टन."

त्याने बघितलं. धोक्याची घंटा सारखी वाजते म्हणून सकाळी त्यानेच ते मोठं केलं होतं, आणि विसरला होता.

"इंजिनला कुणी सांगितलं?"

"मी. तुम्हाला न विचारता."

त्याने दुर्बीण खडकांकडे वळवली. "बरं केलंस. उचला नांगर."

इंजिन हळू पुढे चालवत नांगर वर घेतला, तेव्हा खडक तीनशे मीटरवर आले होते. नांगराला कुणाचं तरी जुनं मासेमारीचं जाळं गुंडाळलेलं होतं. तो तळात कधी रुतलाच नव्हता. जहाज खोल पाण्यात नेलं.

संध्याकाळी नोंदवहीत सही करताना वर्नाला कॅप्टनच्या अक्षरात एक ओळ दिसली : वर्तुळ मी वाढवलं होतं, चूक माझी. खाली, नांगर घसरतोय हे ओळखणारी म्हणून, तिचं नाव होतं, पूर्ण आणि हुद्द्यासकट. तिने सही केली.