गारगोटीहून आलेल्या पिशव्या

प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली त्या आठवड्यात कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत जे चाललं होतं ते बघून हसावं की रडावं कळेना. मटणाच्या दुकानापुढं मोठमोठे बाप्ये स्टीलचे डबे घेऊन ओळीत उभे. डबा विसरलेला एक पोरगा हेल्मेटमधून अंडी घेऊन गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आमचे यजमान माधवराव जन्मात कधी पिशवी घेऊन बाहेर पडले नव्हते. ते कोथिंबिरीची जुडी शर्टच्या खिशात खोचून आले आणि वर मलाच म्हणाले, "बघ, हात मोकळे ठिवून भाजी आणली की न्हाय?" तो शर्ट धुवायचा कुणी, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

सगळी पेठ सरकारच्या नावानं खडे फोडत होती. मी मात्र गप्प होते, आणि मी गप्प असणं ही आमच्या घरात बातमी असते. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. आता आक्का सामान कशातून पाठवणार? का हेच निमित्त करून पाठवायचंच बंद करणार?

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, गारगोटीला दिलेली. आई लवकर गेली, त्यामुळं मला वाढवलं ते आक्कानं. तिच्या शिवणाची शिलाई इतकी सरळ असायची की शाळेतल्या बाई माझा फ्रॉक उलटा करून बघायच्या. तिचं लग्न झालं तेव्हा मी तिच्या गाडीमागं चौकापर्यंत पळत गेले होते. आणि याच आक्काशी माझा अबोला होता. अगदी पूर्ण नव्हे. महिन्यातून एकदा तिचा फोन यायचा. "गाडीला दिलंय." मी स्टँडवर जाऊन सामान आणायचे आणि फोन करायचे, "मिळालं." ती "बरं" म्हणायची आणि ठेवून द्यायची. मग मी फोनकडं बघत बसायचे.

झालं होतं असं. तिच्या मुलाचं, पृथ्वीराजचं, लग्न होतं. चार दिवस आधी जाऊन मी पदर खोचून राबत होते. आहेराला तिच्यासाठी जांभळी इरकल साडी नेली होती, चार दुकानं पालथी घालून आणलेली. लग्न लागलं, विहिणीची पंगत बसली. पंगतीत विहिणीच्या, म्हणजे आक्काच्या, ताटाभोवती रांगोळी काढलेली, उदबत्ती लावलेली, आणि शेजारचं ताट तिच्या जवळच्या बाईचं. माझंच ना ते? दुसरं कुणाचं असणार? मी हात धुऊन पुढं झाले तर त्या ताटावर आक्काची शाहूवाडीची जाऊ बसलेली. मुलीकडच्या बायकांनी आक्काला विचारलं, "आणि ह्यांचं ताट?" तर आक्का सगळ्यांसमोर हसून म्हणाली, "पद्माला कशाला मान? ती घरचीच हाय की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर उरलेल्या भातावर बसायचं, म्हणजे घरची? मी न जेवता बॅग उचलली. आक्का दारापर्यंत मागं आली. मी म्हटलं, "आता तू तुझ्या तोंडानं बोलावल्याशिवाय तुझा उंबरा चढणार न्हाय."

"घरच्यांना कुणी बोलावतं व्हय गं?" ती म्हणाली.

"मग न्हाय येत."

"नको येऊस."

ती आक्का आणि मी तिचीच बहीण. दोघींनीही शब्द पाळला. तेव्हापासून मला तिच्या तोंडून एकच शब्द हवा होता. 'ये.' एवढंच म्हणायचं होतं तिनं. मी चपला न घालता निघाले असते. पण फोनवर यायचं ते 'गाडीला दिलंय'.

प्लॅस्टिक होतं तोवर हे चालून गेलं. तांदूळ, काजू, नाचणीचं पीठ, सगळं पिशवीत पिशवी घालून, गाठी मारून यायचं. मी सामान काढून घेई आणि पिशव्या फेकून देई. परत द्यायचं काही नसायचं, त्यामुळं विचारायचंही काही नसायचं.

बंदीनंतर पहिलं सामान आलं ते कापडी पिशवीतून. जाड मांजरपाट, दुहेरी शिलाई, घट्ट शिवलेले बंद. गारगोटी गाडीचे कंडक्टर हंबीरराव पिशवी खाली देताना म्हणाले, "मॅडम, एक लंबर पिशवी हाय. रिकामी करून परत द्या, नाहीतर आक्का मला गाडीत चढू द्यायच्या न्हाईत." घरी येऊन मी तांदूळ डब्यात ओतले आणि सहज पिशवी झटकायला गेले, तर तिला आक्काच्या माजघराचा वास. नवा तांदूळ, चुलीचा धूर आणि ती ट्रंकेत घालते त्या कापराचा. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ती पिशवी तोंडाला लावून रडले. इतकी वर्षं प्लॅस्टिकमधून नुसतं सामान येत होतं.

आता पिशवी परत पाठवायची म्हणजे रिकामी कशी पाठवणार? आमच्याकडं शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही. मी तिच्यात कांदा-लसणाची चटणी, भडंग आणि आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी भरून पाठवली. आठ दिवसांत ती पिशवी भरून परत आली. मी पुन्हा भरली. असं सहा महिने चाललं. माधवराव म्हणाले, "पिशवीच बरी. तिला मानपान लागत न्हाय, गाडीत बसती आणि जाती." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही, कारण ते खरं होतं. मला त्या पिशवीचा हेवा वाटायला लागला होता.

मग माझ्या डोक्यात एक आलं. पिशवी परत द्यायचीच नाही. भडंग, चटणी पाठवायची ती दुकानच्या जाहिरातीच्या पिशवीतून, आणि आक्काची पिशवी ठेवून घ्यायची. दोन गेल्या, चार गेल्या की तिला पिशव्या कमी पडतील. आक्का असल्या बाबतीत भारी चिकट. "माझ्या पिशव्या कुठायत गं?" म्हणून फोनवर भांडेल. भांडता भांडता म्हणेल, ये आणि आणून दे. नाहीतर स्वतःच येईल न्यायला. मला दोन्ही चालणार होतं.

ती काही बोलली नाही. पिशवी आली नाही की ती नवी शिवायची. मांजरपाट संपलं तशी पडद्याची पिशवी आली, मग उशीच्या अभ्र्याची, मग चादरीची. स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर पिशव्यांचा ढीग वाढत गेला आणि दार पुरतं उघडेना. माधवराव दारातून आडवे होऊन ये-जा करायचे. त्यांनी एकदा विचारलं, "अगं, तूच का न्हाय म्हणत, मी येते म्हणून?"

"मान माझा गेलाय."

"आणि बहीण?"

मी पोळपाट जरा जोरात आपटला.

पण मला आत कुठंतरी लागायला लागलं होतं ते वेगळंच. पिशव्यांची शिलाई बिघडत चालली होती. आधी एक बंद लांब, एक आखूड. मग शिलाई वाकडी, कापडावरून खाली उतरलेली. एक पिशवी तर उलटीच शिवून आली, दशा बाहेर. आणि हे आक्काचं शिवण! मी ते हातात घेऊन उलटसुलट करून बघायचे. माझ्यासाठी मन लावून शिवावं असंही आता तिला वाटत नाही. उरकायचं म्हणून उरकतेय. मला वाईट वाटलं की माझा आधी राग निघतो, तसा तो निघाला, आणि मी 'मिळालं' म्हणायचा फोन करायचंही सोडलं.

त्यानंतर थोडे दिवस काहीच आलं नाही. मग एका सकाळी हंबीररावांनी गाडीतून पिशवी खाली दिली. जांभळी इरकल. काठ पिशवीच्या मधोमध आलेला, शिलाई नागमोडी. माझा आहेर कापून तिनं त्यात नाचणी भरून पाठवली होती.

मी घरी टेकलेच नाही. स्टँडवरूनच रिक्षा केली, ती दारात थांबवली, खिळ्यावरच्या सगळ्या पिशव्या एका गाठोड्यात बांधल्या आणि परत फिरले. माधवराव वर्तमानपत्र हातात घेऊन मागं आले. "कुठं निघालीस?"

"हिच्या तोंडावर मारून येते."

"तिकडं जेवायला थांबलीस तरी चालंल," ते म्हणाले आणि पटकन आत गेले.

गाडी हंबीररावांचीच होती. माझ्या मांडीवरचं गाठोडं बघून त्यांनी तिकीट फाडलं. बिद्री गेलं, मुदाळ तिट्टा गेला, मी मनातल्या मनात भांडण रचत होते. काय बोलायचं, ती काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणेन. गारगोटीच्या स्टँडवर उतरले आणि माझे पाय तिच्या घराच्या रस्त्याला असे लागले की मला वळणंसुद्धा बघावी लागली नाहीत. आणि रागातही मला कळत होतं की मी पळते आहे.

अंगणात आक्काची सून स्नेहल धुणं वाळत घालत होती. मला बघून तिच्या हातातलं पातळ खाली पडलं. ती धावत आली आणि माझा हात धरून मला कडेला ओढलं.

"मावशी, आत जाण्याआधी ऐका. आईंना दिसत न्हाय."

"कुणाला?"

"आईंना. काचबिंदू. आधी कडेकडेनं गेलं, मग सगळंच. कोल्हापूरला डॉक्टरांना दाखवलं. गेलेली नजर परत येत न्हाय म्हणाले."

"कोल्हापूरला आलतीसा?"

"तुमच्या पेठेतनंच रिक्षा गेली. मी म्हटलं, थांबूया मावशींकडं. तर म्हणाल्या, नको. आंधळी झालेली बघितली की ती भांडण सोडंल आणि रडत बसंल. मला कीव करायला आलेली पद्मा नको. आणि मलाच शपथ घातलीती, तुम्हाला सांगायचं न्हाय म्हणून."

माझ्या हातातलं गाठोडं एकदम जड झालं. मी ते पायरीवर ठेवलं. उलटी शिवलेली पिशवी वरच होती.

"ह्या पिशव्या?"

"हातानं चाचपून शिवतात. मी शिवून देते म्हटलं तर सुईसुद्धा ओवू देत न्हाईत."

"आणि माझी साडी? ती पण चाचपून कापली? कळली न्हाय व्हय तिला?"

स्नेहल खाली बघायला लागली. "कळली की. ट्रंकेतनं स्वतः काढली. मी हात धरला, तर म्हणाल्या, सोड, त्याशिवाय ती येत न्हाय."

मी तिथंच पायरीवर बसले. बसून रडावं, एवढंच मला त्या वेळी कळत होतं. फोनवर तिचा आवाज ऐकून मला कळायला हवं होतं. वाकड्या शिलाईवरून तरी कळायला हवं होतं. शाळेत शिवण शिकवताना शिलाई बघून मुलींचे स्वभाव सांगणारी मी, आणि आपल्याच बहिणीच्या हातचं मला वाचता आलं नाही. स्नेहलनं पाणी आणलं. मी प्यायले, तोंड धुतलं. आत आक्का काय ऐकायला बसली असेल ते मला पक्कं माहीत होतं, आणि ते तिला द्यायचं मी ठरवलं.

उंबरा चढले आणि ओरडले, "साडी का कापलीस माझी?"

आक्का माजघरात खाटेवर बसली होती. केस सगळे पांढरे झालेले, खांदे उतरलेले. माझा आवाज ऐकला आणि तिचा सगळा चेहरा हलला. तिनं घाईनं पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला.

"माझी साडी, मी कापीन न्हाय तर फाडीन," ती म्हणाली. "तुला काय करायचंय?"

"चार दुकानं हिंडून आणलीती!"

"मग आणखी चार हिंडायचीस. रंग बघितलास तिचा? वांग्यासारखा."

"तुझ्या मेल्या पिशव्या आणल्यात सगळ्या. घे. एक पण सरळ न्हाय."

"मग शिकवायला यायचंस. मास्तरीण हाईस नव्हं?"

मी ओरडत होते आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आवाज फाटू नये म्हणून मी आणखी जोरात ओरडत होते. तिचं तोंड माझ्याकडं होतं, पण नजर माझ्या खांद्याच्या पलीकडं, भिंतीवर कुठंतरी. मला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं. बोलता बोलता मी थांबले तशी ती थोडी पुढं झुकली.

"वाळलीस गं," ती म्हणाली. लग्नापासून माझं वजन चांगलंच वाढलं आहे.

"व्हय," मी म्हटलं.

"आणि अशी अंधारात काय हुबी ऱ्हायलीस? ये, उजेडात ये. बघू दे तरी तुला."

दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं आणि मी त्याच्या मधोमध उभी होते. "आले," म्हटलं, आणि तिच्याजवळ जाऊन बसले.