यंत्राला आज विसावा नाही

खंडेनवमीला चाकणच्या बबनरावांच्या वर्कशॉपात लेथ, प्रेस सगळं बंद करून झेंडूचे हार घातले होते. पूजेला आलेली माणसं मात्र यंत्रं सोडून एका बाबाचं मनगट दाबायला रांगेत उभी होती. "नाडीच लागंना राव," म्हणत जो तो पाया पडत होता.

"प्राण आम्ही ब्रह्मांडी ठेवलाय," बाबा डोळे मिटून सांगत होता. "श्रद्धा पक्की असेल त्याला काळीजसुद्धा लागत नाही."

मग त्याने डोळे उघडले ते थेट माझ्या नवऱ्याकडे बघत. सुजितचं हृदय निकामी झालंय. हृदय प्रत्यारोपणाचा नंबर लागेपर्यंत डॉक्टरांनी छातीत पंप बसवलाय. पोटातून निघालेली वायर खांद्यावरच्या पिशवीतल्या बॅटऱ्यांना जोडलेली असते.

"आज सगळ्या यंत्रांना विसावा, मग ह्यालाच का नाही? काढा वायर. मेलेल्याचं काळीज कशाला? मी चालवतो ह्याचं."

आणि माझ्या सासूबाई पिशवीची चेन उघडायला लागल्या. "वर्साचा सण हाय गं वर्षाली. इसावा नगं का त्याला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पिशवी हिसकावली. "आत्या, वायर काढली तर तुमचा मुलगा इथंच जाईल." मग बाबाकडे वळले. प्रसाद घेतानाही त्याने कोपर अंगापासून दूर केलं नव्हतं, ते मी मघापासून बघत होते. "महाराज, हात वर करा."

"समाधीत बायकांनी बोलू नये."

"हात वर करा म्हणते ना."

बबनरावांनीच त्याचा हात धरून वर केला. काखेतून रबरी चेंडू पडला आणि लेथखाली गेला. काखेत चेंडू दाबला की हातात जाणारं रक्त अडतं आणि मनगटाला नाडी लागत नाही. एवढीच ती समाधी. बबनरावांनी पुन्हा मनगट चाचपलं. "लागली की आता," ते म्हणाले.

मी आत्यांचा हात सुजितच्या मनगटावर ठेवला. त्या चाचपत राहिल्या, पांढऱ्याफटक पडल्या. "न्हाई गं लागत."

"लागणार कशी? हा पंप ठोके देत नाही, रक्त सलग ढकलतो." मी त्यांचा कान त्याच्या छातीला लावला. मोटारीची गुणगुण ऐकली आणि त्या रडायला लागल्या.

खरोखर नाडी न लागणारा माणूस आमच्या घरात होता, आणि सगळे एका भोंदूचं मनगट दाबत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा. मला राग त्या बाबापेक्षा रांगेचा येतो. मशीन अडलं की तुम्ही फॉल्ट शोधता, मंत्र म्हणत बसत नाही. मग माणसाच्या जिवाशीच हा खेळ का? हळदकुंकू वाहा, हार घाला. पण कुणी वायर काढायला सांगितली, तर आधी त्याला हात वर करायला लावा.