कलम चार आणि अर्धा गोल

रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी साडेदहा वाजता, अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान मूर्तिजापूर येथे, एका लाकडाच्या वखारीच्या अंगणात, उभय नगरांतील जुन्या फुटबॉलप्रेमींची एकतिसावी वार्षिक सभा भरली. विषय दरवर्षीचाच होता: दिनांक १० एप्रिल १९९४ रोजी अकोल्यात झालेल्या वऱ्हाड चषकाच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, अमरावतीच्या किशोर ढोकेने डोक्याने मारलेला चेंडू गोलरेषेपलीकडे गेला होता, की नव्हता?

पंचांनी गोल दिला नव्हता. सामना बरोबरीत सुटून पेनल्टींवर गेला, अकोल्याचा गोलरक्षक वाहेद खान याने तीन पेनल्टी अडवल्या आणि चषक अकोल्यात राहिला. एवढे निर्विवाद आहे. उरलेल्या सर्व बाबतींत मतभेद आहेत आणि ते सभ्यपणे व्हावेत म्हणून सभेची नियमावली, निवृत्त शिक्षक आणि सभेचा चिटणीस या नात्याने, मी स्वतः लिहिली आहे. तिचे कलम चार असे: ज्याने तो सामना खेळला किंवा तिकीट काढून पाहिला, त्यालाच बोलण्याचा अधिकार. वक्त्याने उठण्यापूर्वी आपल्या तिकिटाचा अर्धा तुकडा टेबलावर ठेवावा. माझा तुकडा मी प्लास्टिकमध्ये मढवून घेतला आहे. हे कलम नसते, तर सामन्यानंतर जन्मलेल्या निम्म्या वऱ्हाडाने आम्हांस प्रत्यक्षदर्शी म्हणून साक्ष दिली असती.

यंदाच्या वादाला मात्र धार होती. मुलींच्या अमरावती-अकोला स्पर्धेसाठी नवी ढाल तयार झाली होती आणि देणाऱ्यांची अट अशी, की तिच्यावर एकाच जुन्या खेळाडूचे नाव कोरावे. गोल झाला असे सभेने ठरवले तर किशोरचे. नाही ठरवले तर वाहेदचे. कारागीर संध्याकाळपर्यंत थांबणार होता.

किशोरला ढालीचा सोस नव्हता. नऊ मोसमांत त्याने त्रेसष्ट गोल केले. ते कुणाला आठवत नाहीत, न झालेला एक मात्र सर्वांना आठवतो. एकतीस वर्षे त्याला दोन्ही गावांत ‘अर्धा गोल’ म्हणतात. त्याने तेही हसून घेतले. परंतु गेल्या महिन्यात त्याची धाकटी लेक आरती, अमरावतीच्या मुलींची कर्णधार, सरावाच्या सामन्यासाठी अकोल्यास गेली आणि प्रेक्षकांतून आरोळी आली, “अर्ध्या गोलाची पोरगी आली रे!” आरतीने घरी येऊन तो किस्सा हसत सांगितला. त्या दिवशी किशोर हसला नाही.

सभेच्या अध्यक्षा माणिकबाई होत्या. निवृत्त क्रीडाशिक्षिका, माहेर अकोला, सासर अमरावती. त्यामुळे दोन्ही पक्षांना सारख्याच संशयास्पद, आणि म्हणूनच एकमताने निवडलेल्या. अमरावतीकरांनी आणलेल्या, दह्याचटणीत भिजलेल्या गिलावड्यांचा पहिला डबा फस्त झाल्यावर त्यांनी टेबलावर हात आपटला.

“किशोरभाऊ, बोला.”

“बोलाचं काय, ताई? वाहेदनं चेंडू दाबला तवा तो गोलात होता. मी खांबाले धरून उभा होतो. ह्या डोळ्यानं पायलं.”

“अबे, तू खांबाले धरून होता, मी तं जमिनीवर होतो!” वाहेद उसळला. “चेंडू चुन्यावर होता. हप्ताभर माह्या नाकातून चुना निंघत होता, यार!”

“सर, याच्या नाकाची साक्ष चालते काय?” किशोरने मला विचारले.

“नाकास साक्ष देता येईल,” मी म्हणालो, “परंतु त्याचे तिकीट हवे.”

“नाक खेळाडू आहे, सर. नव्वद मिनिटं मैदानात होतं!” वाहेद म्हणाला.

अंगण हसले. मग मी उठलो, तुकडा टेबलावर ठेवला आणि एका क्षणावरून खेळाडूची कारकीर्द तोलणे कसे अन्यायाचे आहे, हे विशद करू लागलो. वाहेद पुढे नागपूरच्या कंपनीच्या संघातून अकरा वर्षे खेळला. त्याची थोरवी त्या तीन पेनल्टींत मावत नाही. किशोरची थोरवी त्या एका चेंडूत मावत नाही. तथापि सभेपुढील प्रश्न थोरवीचा नसून—

“सर,” माणिकबाई म्हणाल्या, “तुमचं वाक्य संपेपर्यंत एक हाफ होऊन जाते. बसा. एकतीस वर्षं तोंडानं खेळून राहिले तुमी सारे. आज मांडून दाखवा. वखारीत चुना असन न?”

चुना होता. चेंडू माणिकबाईंच्या पिशवीत होता. गोलाचे खांब म्हणून सागाचे दोन दांडे अंगणात उभे रोवले. रेघ मारायची वेळ आली तेव्हा सर्वांच्या माना आपोआप किसनरावांकडे वळल्या.

किसनराव म्हणजे अकोल्याच्या मैदानावर जन्मभर चुना मारलेले गृहस्थ, वय वर्षे बहात्तर. दरवर्षी वाहेदच्या स्कूटरवर मागे बसून ते येत, टोपी मांडीवर ठेवत, गिलावडे खात आणि ऐकत. तिकीट नसल्यामुळे एकतीस वर्षांत सभेत ते एक शब्दही बोलले नव्हते. ते उठले, चुन्याचे घमेले घेतले, दोन्ही दांड्यांकडे एकवार पाहिले आणि कमरेत वाकून सरळ, स्वच्छ रेघ ओढली. मात्र दांड्यांना जोडून नव्हे, वीतभर मागे, गोलाच्या आत.

“किसनराव, रेघ चुकली,” मी म्हणालो. “गोलरेषा दोन्ही खांबांना जोडून असते.”

“असते न जी,” किसनराव म्हणाले. “पण तवा बी अशीच होती.”



“काय म्हणता?” माणिकबाई पुढे झाल्या.

“एप्रिल होता न, ताई. काळी माती. दोन खांबायच्या मधात ही मोठी भेग पडली होती, हात जाये आतमंदी. जेवढा चुना टाको तेवढा खाली जाये. पंच तं येऊन राहिले होते. मंग म्या रेघ वीतभर मांगं ओढली. कोणी काई म्हनलं नाई.”

“हरकत!” मी म्हणालो, कारण नियम हा नियम. “कलम चार. यांच्यापाशी तिकीट नाही.”

“सर!” माणिकबाईंचा आवाज चढला. “ज्यानं मैदान आखलं त्याले तुमी तिकीट मागून राहिले?”

मी कलम चार मनातल्या मनात पुन्हा वाचले. त्यात खेळाडू होता, प्रेक्षक होता. मैदान आखणारा माणूस मी लिहायचाच विसरलो होतो. हरकत मागे घेतली.

“पण किसनबा, सांगितलं काहून नाई इतके वर्षं?” किशोरने विचारले.

“मले वाटे तुमाले ठाऊक आहे. अन सरांचं कलम आहे न. म्या तिकीट कायले काढू? म्या तं सकायपासून मैदानातच होतो.”

वाहेदने चप्पल काढली. साठीच्या घरातला तो देह, गुडघे कुरकुरत, चुन्याच्या रेघेमागे पालथा पडला. दोन्ही हात पुढे करून त्याने चेंडू नेमका रेघेवर दाबला, नाक चुन्याला टेकवले.

“असाच होता,” तो खालून म्हणाला. “अल्ला कसम, असाच.”

“असाच होता,” किशोर म्हणाला. तो दांड्याला धरून उभा होता, त्या वेळी होता तसाच, फक्त केस नव्हते.

माणिकबाईंनी एका दांड्यापासून दुसऱ्या दांड्यापर्यंत, खऱ्या गोलरेषेवर, सुतळी ताणली. चेंडू सुतळीच्या पुरता पलीकडे होता. मधून दोन बोटे जात होती. एकाने खांब पाहिला होता, दुसऱ्याने चुना, आणि दोघेही एकतीस वर्षे शब्दशः खरे बोलले होते.

किशोर हसू लागला. आधी बारीक, मग पोट धरून. हसता हसता तो वाहेदशेजारी चुन्यातच बसला. “वाहेदभाई, नाक पूस आता.”

“थांब बे,” वाहेद म्हणाला. “हा गोल धरला तं मॅच तिथंच खतम. मंग माह्या तीन पेनल्ट्या कुठं गेल्या?”

“त्या ऱ्हाऊ दे तुह्यापाशी. चषक बी ऱ्हाऊ दे. मले फक्त एक गोल पायजे. पोरीसाठी.”

माणिकबाई म्हणाल्या, “निकाल मी देत नाई. चेंडू ज्याच्या हातात आहे तो देईन.”

वाहेदने सुतळीकडे पाहिले, हातातल्या चेंडूकडे पाहिले, मग किशोरच्या खांद्याचा आधार घेऊन तो उठला. त्याच्या नाकावर, मिशीवर, सदऱ्यावर पांढरेच पांढरे झाले होते. मी इतिवृत्ताची वही उघडून लेखणीचे टोपण काढले.

“लिवा, सर,” तो म्हणाला. “गोल झाला होता.”